परसबाग व परसातील कोंबडीपालन

परसबाग व परसातील कोंबडीपालन हा महाराष्ट्र आणि गोव्याच्या ग्रामीण भागातील एक घरगुती जोडव्यवसाय आहे. घरामागच्या किंवा घरालगतच्या मोकळ्या जागेत कुटुंबापुरता भाजीपाला पिकवणे आणि त्याच जागेत पाच-पंचवीस देशी कोंबड्या मोकळ्या सोडून सांभाळणे, असे त्याचे स्वरूप असते. कामे बहुतेक घरातील स्त्रिया, मुले आणि वृद्ध करतात. त्यांसाठी वेगळे मजूर लावले जात नाहीत आणि रोख खर्चही क्वचितच होतो. शेतीच्या हंगामाप्रमाणे या कामांचाही एक वार्षिक क्रम ठरलेला असतो. दोन्ही कामांचे बियाणे, म्हणजे भाजीचे बी आणि खुडूक बसणारी कोंबडी, घरातच निर्माण होणे ही या पद्धतीची मूळ खूण मानावी लागते.

संज्ञा

घराच्या मागील अंगणास परस, परसू किंवा परसदार असे म्हणतात. कोकणात नारळ-पोफळीच्या मोठ्या लागवडीस वाडी म्हणतात, तर गोव्यात डोंगरउतारावरील पाटाच्या पाण्यावर जोपासलेल्या बागेस कुळागर म्हणतात. परसबाग या दोहोंपेक्षा लहान असून ती विक्रीसाठी नसते, चुलीसाठी असते. कोंबड्यांच्या रात्रीच्या निवाऱ्यास खुराडे, तर कोंबडी व पिल्ले झाकून ठेवण्याच्या बांबूच्या पालथ्या टोपल्यास डालगे म्हणतात. अंड्यावर न आलेली किंवा नुकतीच आलेली तरुण कोंबडी म्हणजे तलंग. अंडी घालणे थांबवून ती उबवण्यासाठी बैठक मारणारी कोंबडी म्हणजे खुडूक. ‘खुडूक’ हा शब्द शहरी मराठीतून जवळजवळ गेला आहे, पण या व्यवसायाचा सारा हिशेब त्याच शब्दाभोवती फिरतो.

पार्श्वभूमी

पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा (गॅलस गॅलस) हा होय. सह्याद्रीत आढळणारा राखी रानकोंबडा ही त्याच कुळातील वेगळी जाती आहे. फ्रेंच निसर्गअभ्यासक सोनेरा याच्या नावावरून तिचे शास्त्रीय नाव गॅलस सोनेराती असे पडले.

कोंबडीपालन सर्व समाजांत सारखे रुजलेले नव्हते. मनुस्मृतीत ग्रामकुक्कुट, म्हणजे गावातील कोंबडा, द्विजांसाठी अभक्ष्य ठरवला आहे. त्यामुळे ब्राह्मणांच्या परसात भाजीपाला, फुलझाडे व केळी असत, पण खुराडे नसे. कुणबी, मराठा, कोळी, दलित व आदिवासी कुटुंबांच्या परसात मात्र दोन्ही गोष्टी एकत्र नांदत आल्या आहेत. जुन्या मराठी साहित्यात परस म्हटले की तुळस, जाई-जुई आणि प्राजक्तच अधिक दिसतात. त्याचे कारण लिहिणारे कोणत्या घरांतून आले होते, यात शोधावे लागते.

जागा व रचना

परसबागेला ठरावीक आकार नसतो. पाच माणसांच्या कुटुंबाला वर्षभर भाजी पुरवण्यासाठी सुमारे २ गुंठे जागा असावी, असे कृषी विस्ताराच्या पुस्तिकांत सामान्यतः सांगितले जाते. प्रत्यक्षात अर्ध्या गुंठ्यातही पुष्कळ काही पिकते, कारण वेल जमीन व्यापत नाहीत. दुधी, दोडका, घोसाळे, कारले, पडवळ आणि तोंडली मांडवावर, गोठ्याच्या छपरावर किंवा शेवग्याच्या खोडावर चढवली जातात. न्हाणीच्या सांडपाण्यावर अळू व केळी लावतात. कढीपत्ता, लिंबू आणि पपई कुंपणाच्या कडेला असतात. वाफ्यांत माठ, मुळा, मेथी, चवळी, मिरची, वांगी ही पिके ऋतूप्रमाणे फिरत राहतात.

खुराडे जमिनीपासून दोन-तीन फूट उंच, कोरड्या जागी आणि शक्यतो माणसांच्या झोपण्याच्या खोलीजवळ असते. मुंगूस, रानमांजर किंवा साप आल्यास कोंबड्यांचा कालवा घरात ऐकू यावा, हा त्यामागील हेतू. एका पक्ष्यास रात्रीपुरती सुमारे १ ते दीड चौरस फूट जागा पुरते. दिवसा त्या मोकळ्या असतात. गवताचे बी, किडे, गांडुळे, खरकटे आणि तांदळाच्या कण्या यांवर त्यांचे पोट भरते. संध्याकाळी मूठभर कण्या किंवा भात टाकला जातो. त्याने पोट भरावे अशी अपेक्षा नसते, पण तेवढ्या आशेवर पक्षी स्वतः परत येतात आणि त्यांची मोजदाद होते.

कोंबडी आणि वाफा

कोंबडीपालन आणि भाजीपाला हे परस्परपूरक व्यवसाय आहेत, असे योजनांच्या माहितीपत्रकांत नेहमी छापले जाते. ते अर्धेच खरे आहे. नुकत्याच उगवलेल्या वाफ्यात कोंबडी शिरली तर काही मिनिटांत वाफा संपतो. ती कोवळे कोंब टिपते आणि जे टिपत नाही ते पायांनी उकरून टाकते. दुसऱ्या बाजूने, मोकळ्या पडलेल्या जमिनीत तीच कोंबडी हुमणीच्या अळ्या, कोष, वाळवी आणि तणाचे बी वेचून काढते. खताचेही तसेच. कोंबडखतात नत्राचे प्रमाण सुमारे ३ टक्के असते. शेणखतात ते साधारण अर्धा टक्का असते. मात्र ताजे कोंबडखत ‘उष्ण’ असते आणि थेट मुळाशी घातल्यास रोप करपते. ते राख व पालापाचोळ्यात मिसळून काही महिने कुजवावे लागते.

तेव्हा हे दोन व्यवसाय आपोआप जुळत नाहीत, त्यांना कुटुंब जुळवते. कोंबड्या केव्हा मोकळ्या सोडायच्या, केव्हा डालग्याखाली ठेवायच्या, वई (काटक्यांचे कुंपण) केव्हा बांधायची आणि बी केव्हा टाकायचे यांच्या वेळा सांभाळणे हीच या कामातील खरी विद्या आहे. ती आईकडून मुलीकडे व सासूकडून सुनेकडे जाते.

ऋतुचक्र

पुढील वर्णन मुख्यतः कोकणातील भातपट्ट्याचे आहे. देशावर पाऊस कमी असल्याने तपशील बदलतात, पण क्रम फारसा बदलत नाही.

वैशाखात बाग जवळजवळ रिकामी असते. याच वेळी जमीन खणून कोंबड्यांना तिच्यात मोकळे सोडतात. वर्षभर साठवलेले, कुजलेले कोंबडखत पसरले जाते. वई दुरुस्त होते, मांडवाचे खांब बदलले जातात, खुराड्यावर नवा पेंढा किंवा झावळ्या पडतात. मे महिन्याच्या अखेरीस रोहिणी नक्षत्र लागते आणि जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर मृग. या सुमारास आळी करून काकडी, दोडका, पडवळ, कारले व दुधी यांचे बी टोकतात. रोपे वीतभर होईपर्यंतचे दोन-तीन आठवडे सर्वांत नाजूक असतात. कोंबड्या दिवसाही डालग्याखाली किंवा पडवीत कोंडल्या जातात, आळ्यांवर काट्यांच्या फांद्या झाकल्या जातात आणि राखणीचे काम लहान मुलांकडे येते. भातलावणीमुळे मोठी माणसे त्या काळात शेतावर असतात. कुंपणाकडे दुर्लक्ष होण्याचा धोकाही म्हणूनच याच काळात सर्वाधिक असतो.

आषाढाचा जोरदार पाऊस कोंबड्यांना मानवत नाही. ओल्या जमिनीमुळे जंत होतात आणि पिल्लांना रक्ती हगवण लागते. जाणत्या घरांत पावसाळ्याच्या तोंडाशी खुडूक बसलेल्या कोंबडीखाली अंडी ठेवत नाहीत. तिला दिवसभर वेगळ्या जागी बांधून किंवा पाण्यात बुडवून ‘उठवतात’. आषाढ अमावास्येच्या आधी कोंबड्यांना चांगली मागणी असते. श्रावणात अनेक घरांत मांसाहार बंद असल्याने विक्री थंडावते.

बागेचे मात्र तेव्हा भरभराटीचे दिवस सुरू होतात. भाद्रपदातील ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचे अन्न खात नाहीत. त्या दिवशीची ऋषीची भाजी अळू, माठ, भेंडी, पडवळ, दोडका, घोसाळे, लाल भोपळा, मका अशा हाताने लावलेल्या वस्तूंची असते. नांगराशिवाय पिकणाऱ्या परसबागेला धार्मिक आचारात मिळालेले हे एक स्पष्ट स्थान होय. गोव्यात पावसाळ्यात होणारी लांबट ‘सात शिरांची भेंडी’ याच हंगामातील. आगशी व ताळगाव येथील प्रसिद्ध वांगी पाऊस संपल्यानंतरच्या लागवडीची असतात.

भात कापून झोडणी सुरू झाली की कोंबड्यांचा सुगीचा काळ येतो. खळ्यावर व शेताच्या धसकटात सांडलेले दाणे त्यांना मिळतात. पावसाळ्याच्या शेवटी पिसे झडल्यामुळे थांबलेली अंडी पुन्हा सुरू होतात. पक्षी घरापासून दूर चरत असल्याने नेमके याच वेळी परसात हिवाळी वाफे करता येतात. मुळा, माठ, मेथी, वांगी, मिरची यांना आता शिंपणे लागते. विहिरीवरून कळशीने पाणी आणून घालणे हे बागेतील सर्वांत कष्टाचे काम आहे. परसबागेच्या यशाचा अंदाज जागेच्या मापावरून घेण्यापेक्षा घर ते विहीर या अंतरावरून घेणे अधिक योग्य.

पौष-माघ हा उबवणीचा मुख्य काळ. हवा कोरडी व थंड असते, घारींचा उपद्रव वगळता पिल्लांना फारसा धोका नसतो. फाल्गुनापासून उन्हाळा वाढतो, बाग आटते, शेवग्याच्या शेंगा तेवढ्या मिळतात. आता बी धरण्याचे काम असते. पहिल्या बहरातील निरोगी फळ वेलावरच वाळू दिलेले असते. त्याचे बी राखेत घोळून ठेवतात, कणसे चुलीवरच्या धुरात टांगतात आणि दुधीचे बी वाळलेल्या भोपळ्यातच राहू देतात.

उबवणी

देशी कोंबडी साधारण सहा-सात महिन्यांची झाल्यावर अंड्यावर येते. एका पाळीत ती १० ते १५ अंडी घालून खुडूक बसते आणि अशा तीन-चार पाळ्या वर्षात होतात. मोकळ्यावर वाढणाऱ्या देशी कोंबडीची वर्षाची अंडी साधारणतः ५० ते ७० भरतात. हा आकडा व्यापारी कोंबडीच्या ३०० च्या आसपासच्या अंड्यांपुढे फार लहान वाटतो. मात्र या तुलनेत व्यापारी कोंबडीला लागणारे विकतचे खाद्य, वीज आणि औषधे धरलेली नसतात.

उबवणीस आठवड्याहून जुनी अंडी ठेवत नाहीत. टोपलीत पेंढा व थोडी राख घालून त्यावर दहा-बारा अंडी मांडतात. सातव्या-आठव्या दिवशी अंधारात दिव्यापुढे अंडे धरून पाहतात. आत लाल शिरांचे जाळे दिसले तर अंडे फळले, स्वच्छ दिसले तर ते काढून टाकतात. २१ व्या दिवशी पिल्ले बाहेर पडतात. पहिले चार-सहा आठवडे मरतुक जास्त असते. बारीक कण्या, वाळवी लागलेल्या लाकडातील किडे, उथळ भांड्यात पाणी आणि घार दिसताच डालगे, एवढी व्यवस्था या काळात पुरते. घरात उबवणीची कोंबडी नसेल तर शेजारणीकडून ती अर्धलीने आणण्याची रीत आहे. जगलेली पिल्ले मालकीण व सांभाळणारी यांच्यात निम्मी-निम्मी वाटली जातात. भूमिहीन घरांत कोंबड्यांचा कळप बहुधा अशाच व्यवहारातून उभा राहतो.

श्रम व मिळकत

गुरे, शेत आणि धान्याचे पैसे सामान्यतः पुरुषाच्या हाती जातात. अंडी, तलंगा आणि जास्तीची भाजी यांचे पैसे बहुतांशी घरातील बाईकडे राहतात. रक्कम लहान असते, पण ती कोणाला विचारून खर्च करावी लागत नाही. वह्या, औषध, तिकीट, माहेरी जाताना न्यायची वस्तू असे खर्च त्यातून भागतात. सण, जत्रा, पाहुणा किंवा कोकणातील शेताच्या ‘राखणी’चा कोंबडा यांसाठी बाहेरून पक्षी विकत आणावा लागत नाही, ही बचतही त्यातच धरली पाहिजे. कुटुंबाच्या उत्पन्नाच्या नोंदीत मात्र हा व्यवसाय सहसा दिसत नाही. सर्वेक्षणात घरातील कर्त्या पुरुषाला प्रश्न विचारला जातो आणि त्याला कोंबड्यांची नेमकी संख्या माहीत नसते.

विसाव्या पशुगणनेनुसार (२०१९) भारतात एकूण ८५.१८ कोटी कुक्कुटपक्षी होते. त्यांपैकी ३१.७१ कोटी परसातील होते. २०१२ च्या तुलनेत परसातील पक्ष्यांची संख्या सुमारे ४६ टक्क्यांनी वाढली होती, तर व्यापारी पक्ष्यांची केवळ साडेचार टक्क्यांनी.

रोग आणि हानी

सर्वांत मोठा घात मानमोडी या रोगाने होतो. याचे दुसरे नाव राणीखेत. हिमालयाच्या पायथ्याकडील राणीखेत येथे १९२८ च्या सुमारास त्याची भारतात नोंद झाल्याने ते नाव पडले. इतरत्र तो न्यूकॅसल रोग म्हणून ओळखला जातो. लस न दिलेल्या गावात साथ आली की काही दिवसांत बहुतेक खुराडी रिकामी होतात. पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचे थेंब डोळ्यात किंवा नाकात घालतात आणि सहा ते आठ आठवड्यांच्या वयात ‘आर-टू-बी’ लस टोचतात. ही लस स्वस्त आहे. अडचण वेगळीच असते. तिची कुपी शंभर किंवा त्याहून अधिक मात्रांची असते, ती बर्फात ठेवावी लागते आणि फोडल्यावर थोड्या वेळात संपवावी लागते. दहा कोंबड्यांच्या घराला ती एकट्याने वापरता येत नाही. सारे गाव एका संध्याकाळी, पक्षी खुराड्यात परतल्यावर, एकत्र आले तरच लसीकरण होते.

भारतातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे जाहीर झाला. तेथील व्यापारी फार्मवरील पक्ष्यांबरोबर परिसरातील घरोघरच्या कोंबड्याही नष्ट करण्यात आल्या. पुढील महिन्यात जळगाव जिल्ह्यातील काही गावांत परसातील पक्ष्यांमध्ये लागण आढळली. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे आणि त्यानंतर पुन्हा नवापुरात उद्रेक झाला. रोगाचा प्रसार थांबवण्यासाठी पक्षी नष्ट करणे आवश्यक असते, याविषयी पशुवैद्यकांत दुमत नाही. नुकसानभरपाई मात्र नगावर दिली जाते. उत्तम उबवणारी जुनी कोंबडी आणि बाजारातून आणलेली कोंबडी यांची किंमत त्या हिशेबात एकच ठरते. पौषात पक्षी गेले तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत विकायला नवे कोंबडे तयार होत नाहीत. हे नुकसान कोणत्याही तक्त्यात बसत नाही.

सुधारित जाती व बियाणे

उत्पादन वाढवण्यासाठी परसात पाळता येतील अशा सुधारित जाती विकसित करण्यात आल्या. बंगळूरची गिरिराज, हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेच्या वनराज व ग्रामप्रिया या त्यांपैकी प्रमुख आहेत. मध्य प्रदेशातील झाबुआ भागातील काळ्या मांसाची कडकनाथ ही मूळ देशी जातही महाराष्ट्रात पसरली आहे. तिला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. राज्य शासनाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे व सघन कुक्कुट विकास गट यांमार्फत पिल्लांचे वाटप होते.

वनराज कोंबडी देशीच्या जवळजवळ दुप्पट अंडी देते आणि वजनानेही भरते. तिच्यात एक उणीव आहे, ती सहसा खुडूक बसत नाही. अधिक अंड्यांसाठी निवड करताना उबवण्याची प्रवृत्तीच मागे पडते, कारण खुडूक बसलेली कोंबडी अंडी देत नाही. परिणामी सुधारित कळप संपला की नवी पिल्ले विकत आणावी लागतात. जड शरीरामुळे या कोंबड्यांना घारीपासून व कुत्र्यापासून पळणेही कठीण जाते. अनेक घरांनी यावर स्वतःचा तोडगा काढला आहे. सुधारित कोंबडीची अंडी देशी कोंबडीखाली उबवली जातात आणि त्यासाठी एक-दोन देशी कोंबड्या मुद्दाम राखल्या जातात. मात्र संकरित कोंबडीची पुढची पिढी आईसारखी निघेलच असे नाही.

भाज्यांच्या बाबतीतही हेच घडले आहे. संकरित बियाण्याचे फळ भरघोस येते, पण त्याचे बी धरून उपयोग होत नाही. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने दिलेले ‘कोकण तारा’ कारले, ‘कोकण हरिता’ दोडका व ‘कोकण श्वेता’ पडवळ हे वाण यास अपवाद आहेत, कारण ते सरळ वाण असल्याने त्यांचे बी घरी राखता येते. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी परिसरातील गावरान बियाणे गोळा करून घरी बीजबँक उभी केली आणि ते इतर स्त्रियांना परसबागेसाठी दिले. त्यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. भाज्यांच्या बियांसाठी झाले तसे काम गावोगावच्या देशी कोंबड्यांसाठी क्वचितच झाले आहे. सरसकट सुधारित नर वाटले गेल्याने स्थानिक वंश मिसळून जातात, आणि बी डब्यात साठवता येते तशी कोंबडी साठवता येत नाही.

सद्यस्थिती

महाराष्ट्र राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियानाने (उमेद) २०२० मध्ये बचतगटांतील स्त्रियांसाठी ‘माझी पोषण परसबाग’ ही मोहीम राबवली. तीत गोलाकार वाफ्यांच्या बागेचा प्रसार करण्यात आला. शालेय पोषण आहाराला जोड म्हणून शाळांच्या आवारातही परसबागा केल्या जातात. उन्हाळ्याच्या सुट्टीत पाणी घालण्याची व्यवस्था नसेल तर त्या टिकत नाहीत. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवार’ या चळवळीतून दहा गुंठ्यांत एका कुटुंबाची गरज भागवण्याची मांडणी केली होती. परसबागेच्या आजच्या अनेक प्रशिक्षणांत तिचा ठसा दिसतो.

घरांची नवी बांधणी, परसाची वाटणी आणि दारासमोर ओतलेले सिमेंट यांमुळे मोकळी जागा कमी होत आहे. कोकणात माकडे व रानडुकरे यांच्या उपद्रवामुळे अनेकांनी वेल लावणे सोडले आहे. दुसरीकडे गावरान अंडी व गावरान कोंबडी यांना शहरांत फार्मच्या मालापेक्षा बराच अधिक भाव मिळतो. व्यापारी हा माल घरोघरून गोळा करतात. भाव चांगला आला की उबवणीसाठी ठेवायची अंडीही विकली जातात. ती किती विकायची आणि किती कोंबडीखाली ठेवायची, हा निर्णय अद्याप बहुतेक घरांत बाईच घेते.